भोपाळ बादशहाज आणि न मिळालेला दुसरा हंगाम

भारतीय हॉकीच्या अलीकडच्या इतिहासाविषयी लिहिताना-बोलताना भोपाळबाबत एक निष्कर्ष इतक्या सहजपणे काढला जातो, की तो तपासून पाहण्याची गरज कुणालाच भासत नाही. 2012 मध्ये भरलेल्या ‘वर्ल्ड सिरीज हॉकी’ या व्यावसायिक साखळी स्पर्धेत ‘भोपाळ बादशहाज’ हा संघ उतरला, साखळीतील 14 सामन्यांनंतर तो गुणतक्त्याच्या खालच्या निम्म्यात राहिला, उपांत्य फेरी त्याला गाठता आली नाही, आणि त्यानंतर देशातील कोणत्याही मोठ्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये भोपाळच्या नावाचा संघ दिसला नाही. एवढ्या गोष्टी खऱ्या आहेत. मात्र त्यांच्या आधारे पुढे असे सांगितले जाते, की एकेकाळी हॉकीची पंढरी म्हणवणाऱ्या या शहरातला खेळ केव्हाच आटला होता, बादशहाजच्या पराभवांनी त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि हरणाऱ्या शहराच्या पदरात पुन्हा व्यावसायिक संघ टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. हे म्हणणे सर्वस्वी चुकीचे आहे. एका हरलेल्या हंगामाचा असा अर्थ लावणाऱ्यांना ना स्पर्धेचा इतिहास नीट ठाऊक असतो, ना व्यावसायिक खेळात पराभवाचे स्थान काय असते याची जाण असते, आणि या गैरसमजाची किंमत भोपाळमधील खेळाडूंना मोजावी लागत असल्यामुळे त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे आवश्यक आहे.

प्रथम ती स्पर्धा काय होती हे पाहावे लागते. वर्ल्ड सिरीज हॉकी भारतीय हॉकी महासंघ आणि निंबस ही क्रीडाव्यवसायातील कंपनी यांनी मिळून उभारली होती. तिची रचना फ्रँचायझी पद्धतीची होती, म्हणजे प्रत्येक संघाचे हक्क एखाद्या खासगी मालकाकडे द्यायचे, त्याला एका शहराचे वा प्रदेशाचे नाव जोडायचे आणि खेळाडू कराराने घ्यायचे. भोपाळ, चंडीगड, चेन्नई, दिल्ली, कर्नाटक, मुंबई, पुणे आणि पंजाब अशा आठ नावांचे संघ 29 फेब्रुवारी ते 2 एप्रिल 2012 या काळात एकमेकांशी दोन-दोनदा खेळले. साखळीचे 56, उपांत्य फेरीचे 2 आणि अंतिम फेरीचा 1 असे 59 सामने सुमारे पाच आठवड्यांत उरकण्यात आले. बादशहाजचे घरचे मैदान जुन्या भोपाळजवळचे ऐशबाग स्टेडियम होते आणि कर्णधार होता सिडनी ऑलिंपिक खेळलेला, याच शहराच्या मातीत तयार झालेला समीर दाद. संघातील बाकीच्या खेळाडूंत भोपाळबाहेरचे आणि परदेशीही होते. म्हणजे ज्या संघाच्या जयापजयावरून शहराची परीक्षा घेतली जाते, तो काही आठवड्यांसाठी एकत्र आलेला, नावाने भोपाळचा आणि घडणीने देशभरचा संघ होता. तो जिंकला असता तरी त्या विजयावरून भोपाळच्या मोहल्ल्यांतील हॉकीविषयी फारसे काही सांगता आले नसते. मग पराभवावरून ते कसे सांगता येईल?

या स्पर्धेमागचा प्रशासकीय वाद लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही. भारतीय हॉकी महासंघ ही 1925 मध्ये ग्वाल्हेर येथे स्थापन झालेली संस्था. ध्यानचंदांच्या काळापासूनची सारी सुवर्णपदके तिच्याच कारभारात आली. 2008 मध्ये भारतीय संघ बीजिंग ऑलिंपिकसाठी पात्र ठरू शकला नाही, त्याच वर्षी महासंघाच्या एका पदाधिकाऱ्यावर निवडीसाठी पैसे घेतल्याचा आरोप झाला, आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघ निलंबित केला. 2009 मध्ये ‘हॉकी इंडिया’ ही दुसरी संस्था उभी राहिली आणि आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची मान्यता तिच्याकडे गेली. त्यामुळे 2012 ची वर्ल्ड सिरीज ही आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लेखी अनधिकृत स्पर्धा होती. तिच्यात खेळणाऱ्याच्या राष्ट्रीय निवडीवर टांगती तलवार होती, आणि लंडन ऑलिंपिकच्या तयारीत असलेले राष्ट्रीय संघातील खेळाडू तिच्यापासून दूर राहिले. दिल्लीतील ऑलिंपिक पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने फ्रान्सला 8–1 असे हरवल्यानंतर तीनच दिवसांनी वर्ल्ड सिरीज सुरू झाली. इतक्या जवळच्या तारखांना देशातील हॉकी दोन घरांत विभागली गेली होती.

आता मुख्य मुद्दा. बादशहाज हरले म्हणून बंद पडले, असे जे गृहीत धरले जाते त्याला उत्तर द्यायला स्पर्धेचा अंतिम सामना पुरेसा आहे. 2 एप्रिल 2012 रोजी मुंबईच्या महिंद्रा स्टेडियमवर ‘शेर-ए-पंजाब’ने ‘पुणे स्ट्रायकर्स’चा 5–2 असा पराभव करून विजेतेपद मिळवले. तो विजेता संघ पुढच्या वर्षी कुठे खेळला? कुठेही नाही. उपविजेत्या पुण्याच्या संघाचे काय झाले? तोही त्या दिवसानंतर मैदानात उतरला नाही. दुसरा हंगाम जाहीर होऊनही झालाच नाही, आणि आठही संघ, गुणतक्त्यात वर असलेले व खाली असलेले, एकाच वेळी इतिहासजमा झाले. स्पर्धेच्या मानधनाची पूर्ण रक्कम हाती न पडल्याच्या तक्रारी अनेक खेळाडूंनी जाहीरपणे केल्या. जानेवारी 2013 मध्ये हॉकी इंडियाने अधिकृत मान्यतेची ‘हॉकी इंडिया लीग’ पाच संघांनिशी सुरू केली आणि वर्ल्ड सिरीजसाठी जागाच उरली नाही. जिंकणारा संघ आणि हरणारा संघ जर एकाच दिवशी, एकाच कारणाने नाहीसे झाले असतील, तर त्या नाहीसे होण्याचे कारण पराभव असूच शकत नाही. पुणेकरांना कुणी असे म्हणत नाही, की तुमचा संघ अंतिम फेरीत हरला म्हणून पुण्यातली हॉकी मेली. भोपाळला मात्र ते खुशाल ऐकवले जाते, कारण भोपाळचे हॉकीतले मोठेपण एवढे सर्वज्ञात आहे, की त्याच्या ऱ्हासाची कथा रंगवून सांगण्याचा मोह आवरत नाही.

दुसरा प्रश्न पुराव्याच्या वजनाचा आहे, आणि तो समजून घेण्यासाठी अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलकडे पाहणे उपयोगी ठरते, कारण हरलेल्या हंगामाचे काय करायचे याचा विचार त्या खेळाने जितका बारकाईने केला आहे तितका क्वचितच कुणी केला असेल. मेजर लीग बेसबॉल या सर्वोच्च लीगमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात 162 सामने खेळतो, त्यांपैकी निम्मे घरच्या मैदानावर. विजयांपेक्षा पराभव अधिक झाले की त्याला हरलेला हंगाम म्हणतात. एवढ्या सामन्यांत 100 विजय मिळवणारा संघ उत्तम समजला जातो, म्हणजेच उत्तम संघसुद्धा 62 वेळा हरून मैदानाबाहेर येतो. पराभव तिथे खेळाडूंच्या रोजच्या जगण्याचा भाग असतो, आणि संघाचा खरा दर्जा दहा-पंधरा सामन्यांत ठरत नाही हे प्रेक्षकांपासून मालकांपर्यंत सर्वांना ठाऊक असते. बादशहाजचे 14 सामने हा बेसबॉलच्या एका हंगामाचा दहावा हिस्साही होत नाही. त्यातही हॉकीत एका सामन्यात मोजके गोल होत असल्यामुळे एखादा पेनल्टी कॉर्नर चुकला, एखादा चेंडू खांबाला लागून परतला, एखादा खेळाडू कार्ड मिळून पाच मिनिटे बाहेर बसला, की निकाल पालटतो. अशा पाच आठवड्यांच्या मोजमापावरून शहराच्या शतकभराच्या परंपरेचे भवितव्य ठरवणे हे कोणत्याही हिशेबात बसणारे नाही.

न्यूयॉर्क मेट्सचे उदाहरण या संदर्भात जगभर दिले जाते आणि ते खरोखरच विचार करण्याजोगे आहे. 1962 मध्ये हा संघ नव्याने स्थापन झाला. त्याला खेळाडू मिळाले ते अन्य संघांनी राखून न ठेवलेल्यांमधून, म्हणजे इतरांना नको असलेल्यांमधून निवडून. पहिल्याच हंगामात तो 40 सामने जिंकला आणि 120 हरला. पुढच्या तीनही हंगामांत त्याने प्रत्येकी शंभराहून अधिक सामने गमावले. चार वर्षांत चारशेहून जास्त पराभव झालेला हा संघ 1969 मध्ये 100 सामने जिंकून पुढे गेला आणि बॉल्टिमोर ओरिओल्सला हरवून विश्वविजेता ठरला. 1962 च्या अखेरीस सतराव्या वर्षी संघात आलेला एड क्रेनपूल 1969 च्या विजेत्या संघातही होता. सात वर्षे एकाच गणवेशात राहून त्याने हरणे आणि जिंकणे दोन्ही पाहिले, आणि ते पाहता आले कारण त्याच्या संघाला दुसरा, तिसरा, सातवा हंगाम मिळणार याविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती. भोपाळच्या समीर दादला, किंवा त्याच्या हाताखाली खेळलेल्या एखाद्या विशीतल्या मुलाला, तशी खात्री कुणीही दिली नव्हती.

या ठिकाणी एक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळून चालणार नाही. बेसबॉलमध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, ज्याला ड्राफ्ट म्हणतात, सर्वाधिक हरलेल्या संघाला आधी निवड करण्याची संधी देण्याची प्रथा 1965 पासून होती. अलीकडे त्यात सोडतीची भर घालण्यात आली आहे. या प्रथेमुळे काही संघ मुद्दाम दुबळे होऊन हरतात, भरपूर हरून चांगले तरुण खेळाडू मिळवतात आणि तिकिटे घेणाऱ्या प्रेक्षकांची फसवणूक करतात, असा आरोप होतो. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघाने 2011, 2012 आणि 2013 या सलग तीन वर्षांत शंभराहून अधिक सामने गमावले आणि 2017 मध्ये विजेतेपद मिळवले, तेव्हा ही चर्चा विशेष झाली. आरोपात तथ्य आहे. पराभवाला बक्षीस दिले तर पराभवाचाच धंदा होण्याचा धोका असतो. परंतु भोपाळच्या प्रकरणात कुणी पराभवाला बक्षीस मागतच नाही. युरोपातील फुटबॉलमध्ये याच्या नेमकी उलट पद्धत आहे. तिथे तळाच्या संघांची खालच्या श्रेणीत घसरण होते आणि खालून वर येणाऱ्यांना त्यांची जागा मिळते. ती पद्धत कठोर आहे, तरीही घसरलेला संघ पुढच्या मोसमात खालच्या श्रेणीत खेळतच असतो, त्याचे मैदान, त्याचे प्रशिक्षक, त्याची लहान मुलांची शाखा चालूच राहते. हरणाऱ्याला सवलत देणारी आणि हरणाऱ्याला शिक्षा देणारी, अशा दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे हरलेल्या संघाला पुढचा हंगाम असतो. भारतीय हॉकीने भोपाळला या दोहोंपैकी काहीच दिले नाही.

कुणी म्हणेल, की अमेरिकेची आणि युरोपची उदाहरणे इथल्या परिस्थितीला लागू पडत नाहीत. मग त्याच 2012 सालातील, भारतीय हॉकीतीलच दुसरा हरलेला हंगाम पाहावा. लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय पुरुष संघ नेदरलँड्स, न्यूझीलंड, जर्मनी, दक्षिण कोरिया आणि बेल्जियम यांच्याशी पाचही साखळी सामने हरला, अकराव्या-बाराव्या स्थानासाठी दक्षिण आफ्रिकेशी झालेला सामनाही 3–2 असा हरला आणि बारा संघांत बारावा आला. एकही विजय नाही, एकही बरोबरी नाही. ऑलिंपिकमध्ये आठ सुवर्णपदके मिळवणाऱ्या देशाची यापेक्षा वाईट कामगिरी कधी झाली नव्हती. त्या संघात पी. आर. श्रीजेश होता, बीरेंद्र लाक्रा होता, आणि विशीचा मनप्रीत सिंग होता. या पराभवानंतर देशाने काय केले? राष्ट्रीय शिबिरे चालू ठेवली, परदेशी प्रशिक्षक आणले, 2013 मध्ये नवी लीग सुरू केली, आणि 2018 पासून ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व स्वीकारले. 2014 मध्ये आशियाई खेळांचे सुवर्णपदक आले. 5 ऑगस्ट 2021 रोजी टोकियोत जर्मनीला 5–4 असे हरवून भारताने 41 वर्षांनी ऑलिंपिक पदक घेतले तेव्हा कर्णधार मनप्रीत होता, गोलरक्षक श्रीजेश होता आणि लाक्राही संघात होता. लंडनमध्ये ज्यांनी सगळे गमावले त्यांच्यापैकीच काहींनी टोकियोत कांस्यपदक कमावले, आणि त्या टोकियोच्या स्पर्धेतही साखळीत ऑस्ट्रेलियाकडून 7–1 अशी हार त्यांनी पचवली होती. राष्ट्रीय संघाच्या पराभवाला देशाने नऊ वर्षांची मुदत दिली. बादशहाजच्या पराभवाला नऊ महिन्यांचीही दिली नाही, आणि मग त्या पराभवालाच शहराचे वैगुण्य ठरवले.

भोपाळच्या हॉकीचा पूर्वेतिहास या वादात वारंवार आणला जातो, बहुधा ‘होते ते वैभव आणि आता उरला आहे तो पराभव’ अशा सुरात. ते वैभव खरेच होते. 1931 पासून सुरू झालेल्या ओबेदुल्ला सुवर्णचषक स्पर्धेने देशभरातील संघांना भोपाळमध्ये आणले, भोपाळ वाँडरर्स या संघाचे नाव कोलकात्यापर्यंत गाजले, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या संघात अहमद शेर खान होते. पण या वैभवाचा इतिहास नीट वाचला तर त्यात पराभव आणि तोटे पावलोपावली आढळतात. फाळणीनंतर भोपाळची कितीतरी खेळाडू घराणी सीमेपलीकडे गेली. 1948 मध्ये भारतासाठी सुवर्णपदक मिळवणारे लतिफुर रहमान आणि अख्तर हुसेन पुढे पाकिस्तानकडून ऑलिंपिक खेळले. अशी पिढीच्या पिढी हातची गेल्यानंतरही शहराने इनामुर रहमान दिला, अहमद शेर खानांचा मुलगा अस्लम शेर खान दिला, जलालुद्दीन रिझवी दिला. यात हरण्याचा अनुभव किती कामी आला हे अस्लम शेर खानच्या एका प्रसंगावरून दिसते.

1975 च्या क्वालालंपूर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात यजमान मलेशियाविरुद्ध भारत 1–2 असा मागे होता आणि सामना संपायला थोडीच मिनिटे उरली होती. भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला. यात आक्रमक संघाचा एक खेळाडू गोलरेषेवरून चेंडू वर्तुळाच्या टोकाकडे ढकलतो, दुसरा तो थांबवतो आणि तिसरा थेट गोलकडे मारतो, तर बचाव करणारे मोजकेच खेळाडू गोलरेषेमागून त्याच्यावर धावून येतात; सगळा खेळ दोन-तीन क्षणांचा असतो. त्या दिवशीचे कॉर्नर वाया जात होते. तेव्हा व्यवस्थापक बलबीर सिंग यांनी मायकेल किंडोच्या जागी राखीव बाकावरच्या अस्लमला आत पाठवले. त्याने गळ्यातल्या ताविजाचे चुंबन घेतले, चेंडू आला, थांबला, आणि त्याच्या फटक्याने बरोबरी साधली. जादा वेळेत हरचरण सिंगच्या गोलने भारत 3–2 असा जिंकला आणि दोन दिवसांनी पाकिस्तानला 2–1 असे नमवून आजवरचा आपला एकमेव विश्वचषक घेऊन आला. दोनच वर्षांपूर्वी, 1973 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, हाच देश दोन गोलची आघाडी घालवून नेदरलँड्सकडून हरला होता. 1973 च्या त्या पराभवानंतर कुणी भारतीय हॉकीचा निकाल लावून टाकला असता, किंवा क्वालालंपूरमध्ये राखीव बाकावर बसलेल्या भोपाळच्या मुलाला निकामी ठरवून घरी पाठवले असते, तर तो चषक आला नसता.

भोपाळची हॉकी दुबळी झाली हे मात्र नाकारण्याचे कारण नाही. तो ऱ्हास झाला, परंतु तो बादशहाजच्या कितीतरी आधी सुरू झाला आणि त्याची कारणे वेगळी आहेत. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम पृष्ठभागावर, ज्याला लोक सरसकट अ‍ॅस्ट्रोटर्फ म्हणतात, खेळली जाऊ लागली. त्याच स्पर्धेत भारत सातवा आला. भोपाळची मुले मुरुमाच्या आणि मातीच्या मैदानांवर शिकत. तिथे चेंडू कधी उसळतो, कधी दबतो, म्हणून खेळाडू स्टिक थोडी उभी धरून, मनगट सैल ठेवून त्याची उसळी शमवतो आणि मग दोन-तीन जणांना चकवत पुढे नेतो. हेच त्या हॉकीचे सौंदर्य होते. पाणी मारलेल्या कृत्रिम मैदानावर चेंडू उसळत नाही, जमिनीलगत सरळ घसरत येतो, त्यामुळे कंबरेतून वाकून स्टिक जवळजवळ आडवी जमिनीला टेकवून तो अडवावा लागतो आणि क्षणात पुढच्याला द्यावा लागतो. एका पद्धतीत मुरलेले हात दुसऱ्या पद्धतीत नव्याने शिकवावे लागतात, आणि ते शिकवायला आधी तसे मैदान लागते, त्याखालचा पाया, पाण्याची व्यवस्था आणि ठरावीक वर्षांनी संपूर्ण पृष्ठभाग बदलण्याचा खर्च लागतो. मोहल्ल्यातल्या क्लबांना तो खर्च परवडण्यासारखा नव्हता. त्यातच सार्वजनिक उपक्रम आणि सरकारी खात्यांच्या ज्या संघांमुळे चांगल्या खेळाडूला नोकरी मिळे, त्या नोकऱ्या आटत गेल्या, आणि मुलाच्या हातात स्टिक देण्याआधी बाप दोनदा विचार करू लागला. हा साऱ्या देशाच्या हॉकीचा ऱ्हास आहे. भोपाळमध्ये तो अधिक डोळ्यांत भरतो, कारण तिथे गमावण्यासारखे अधिक होते.

आणि तरीही शहरातला खेळ आटला हे विधान 2012 नंतरच्या घडामोडींत टिकत नाही. मध्य प्रदेश सरकारने 2000 नंतरच्या दशकात राज्य अकादमी उभारल्या. पुरुष हॉकीची अकादमी भोपाळमध्ये आणि महिलांची ग्वाल्हेरमध्ये. 1975 च्या अंतिम सामन्यातील विजयी गोल करणारे, ध्यानचंदांचे पुत्र अशोक कुमार भोपाळच्या अकादमीत प्रशिक्षक होते. इटारसीजवळच्या चांदौन गावातील विवेक सागर प्रसाद या मुलाचा खेळ त्यांनी हेरला आणि त्याला अकादमीत आणले. बादशहाज ऐशबागवर हरत होते त्या महिन्यांत हा मुलगा 12 वर्षांचा होता. 2021 मध्ये टोकियोत अर्जेंटिनाविरुद्ध गोल करून तो कांस्यविजेत्या संघाचा भाग झाला, 2024 मध्ये पॅरिसमध्येही त्याला कांस्यपदक मिळाले. याच अकादमीत घडलेला मणिपूरचा नीलकांत शर्माही टोकियोच्या संघात होता. 2022 मध्ये ज्येष्ठ गटाच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा भोपाळमध्येच भरल्या. हे खेळाडू जुन्या भोपाळच्या मोहल्ल्यांतले नाहीत, ते वसतिगृहात राहून शिकले, असा आक्षेप घेतला जातो, आणि मोहल्ल्यातील हॉकी पुन्हा उभी राहावी ही इच्छा अगदी रास्त आहे. पण ज्या शहरात प्रशिक्षक आहेत, मैदाने आहेत आणि ऑलिंपिक पदकविजेते घडवणारी संस्था आहे, त्याला हॉकीदृष्ट्या मृत म्हणणे हा सरळसरळ अन्याय आहे. उणीव एवढीच, की अकादमीतून बाहेर पडलेल्या मुलाला आपल्याच शहराच्या नावाने व्यावसायिक हॉकी खेळता येत नाही.

यावर शेवटी बाजारपेठेचे कारण पुढे केले जाते. भोपाळमध्ये पैसा नाही, प्रायोजक नाही, म्हणून लीग तिथे जात नाही, असे हे म्हणणे. 2011 च्या जनगणनेनुसार भोपाळ शहराची लोकसंख्या सुमारे 18 लाख होती आणि रांचीची सुमारे 11 लाख. 2013 च्या पहिल्या हॉकी इंडिया लीगमध्ये रांचीला संघ मिळाला आणि तो पहिलाच हंगाम जिंकला. राउरकेला तर भोपाळपेक्षा कितीतरी लहान, आणि 2023 च्या विश्वचषकासाठी तिथे वीस हजारांहून अधिक प्रेक्षकांचे बिरसा मुंडा स्टेडियम उभे राहिले, कारण ओडिशा सरकारने तसे ठरवले. लीग 2017 नंतर थांबली आणि डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा आठ पुरुष संघांत तमिळनाडू, बंगाल, हैदराबाद, उत्तर प्रदेश यांची नावे आली. मध्य प्रदेशाचे आले नाही. हा निर्णय बाजारपेठेने आपणहून घेतलेला नाही. तो माणसांनी घेतलेला आहे, आणि माणसांना तो बदलताही येतो.

पैशाच्या प्रश्नात पराभवाला ओढण्याची खोड महाराष्ट्रालाही परिचित असायला हवी. आयपीएलमधील पुणे वॉरियर्स हा संघ 2011 ते 2013 असे तीन हंगाम खेळला, तीनही वेळा तळाशी किंवा तळाच्या आसपास राहिला आणि मग बंद पडला. तो हरत होता म्हणून बंद पडला अशी समजूत आजही आढळते; प्रत्यक्षात मालक आणि क्रिकेट मंडळ यांच्यात बँक हमीवरून वाद झाला आणि मालकांनी संघ सोडला. याउलट मध्य प्रदेशच्या रणजी संघाकडे पाहावे. मुंबईचे चंद्रकांत पंडित कर्णधार असताना हा संघ 1999 च्या अंतिम सामन्यात पहिल्या डावाची आघाडी घेऊनही बंगळुरूत कर्नाटककडून हरला. 2022 मध्ये त्याच मैदानावर, तेच पंडित प्रशिक्षक असताना, मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरवले आणि पहिल्यांदा रणजी चषक जिंकला. मधली 23 वर्षे त्या संघाला दरवर्षी खेळायला मिळाले होते, हे या विजयाचे अगदी प्राथमिक कारण आहे, आणि ते इतके उघड असल्यामुळेच बहुधा कुणी सांगत नाही.

म्हणून भोपाळच्या बाबतीत मागणी नेमक्या शब्दांत करायला हवी. पुढच्या हॉकी लीगमध्ये भोपाळचा संघ असावा. त्याला किमान पाच हंगामांची लेखी हमी असावी, मग तो कितीही सामने हरो. खेळाडूंच्या मानधनाची रक्कम स्पर्धा सुरू होण्याआधी त्रयस्थ खात्यात जमा असावी, म्हणजे 2012 नंतर ज्या तक्रारी करण्याची वेळ आली ती पुन्हा येणार नाही. संघातील काही जागा राज्याच्या अकादमीतील आणि जुन्या शहरातील क्लबांच्या मुलांसाठी राखीव असाव्यात, आणि सराव सामने ऐशबागवर व्हावेत. पहिल्या हंगामात हा संघ चौदापैकी दहा सामने हरला तरी चालेल. दुसऱ्या हंगामाची तारीख तेव्हा आधीच जाहीर झालेली असली पाहिजे.